उंबरठ्यावरचं नाटक

इंदापूर तालुक्याचं आग्नेय टोक जिथे संपतं, तिथे नीरा भीमेला मिळते. पलीकडे दोन्ही काठांवर सोलापूर जिल्हा: एका अंगाला माढा, दुसऱ्या अंगाला माळशिरस. संगमावरच्या उंच घाटाच्या माथ्यावर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ आहे. इथली मूर्ती प्रल्हादानं वाळूची घडवली, अशी गावाची श्रद्धा. देऊळ मात्र पेशवाईतलं. ते उभारलं विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी. मूळचे सासवडकडचे दाणी, पुढे पेशव्यांचे मातब्बर सरदार झालेले. नीरा नरसिंहपूरचा हा नृसिंह महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंहजयंतीला, लांबलांबची कुटुंबं इथे येतात.

त्या दिवशी जी गोष्ट सांगितली जाते ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला आधीच पाठ असते. हिरण्यकशिपूला वर मिळालेला: माणसाकडून मरण नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही. नृसिंह त्या वराच्या फटीतून येतो. तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी. शेवट ठाऊक असलेली गोष्ट लोक पुन्हा का ऐकतात? कारण सांगणाऱ्यानं या वेळी काय लांबवलं, काय गाळलं, कोणाच्या तोंडी काय घातलं, याकडे त्यांचे कान लागलेले असतात.

हे कान तयार करण्यात याच मुलखातल्या एका कवीचा मोठा वाटा आहे. मोरोपंत पराडकर, जन्म १७२९चा, पन्हाळ्याचा. पण आयुष्य गेलं बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. १७९४मध्ये ते वारले तोवर त्यांनी ‘प्रल्हादविजय’ लिहिला होता, सगळं महाभारत आर्येत आणलं होतं आणि ‘केकावली’ही पुरी केली होती. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान रंगवताना बुवांना पंतांची आर्या हाताशी लागायचीच. प्रल्हाद, द्रौपदी, कीचक, भीम ही मंडळी त्यामुळे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही घरच्यासारखी झाली. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त मोरोपंतांच्या कवितेवर विस्तारानं लिहिलं आणि मराठीतल्या आधुनिक समीक्षेला एक जुना कवी नव्या नजरेनं तपासायला मिळाला.

नाटकाची समीक्षा वेगवेगळ्या दृष्टींनी करायची, हे आज मराठीच्या एम.ए.च्या वर्गात शिकवलं जातं. ऐतिहासिक, मार्क्सवादी, स्त्रीवादी, मानसशास्त्रीय, आदिबंधात्मक अशी नावं फळ्यावर लिहिली जातात आणि विद्यार्थ्याला एक संहिता देऊन एक चष्मा लावायला सांगितलं जातं. पण मराठीत एखाद्या नाटकाचा असा अर्थ लावण्याची सर्वांत गाजलेली घटना वर्गात घडलेली नाही. ती सरकारदरबारी घडली, आणि समीक्षेच्या शेवटी गुण मिळण्याऐवजी नाटकावर बंदी आली.

ते नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’.

खाडिलकर १८७२चे, सांगलीचे. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तिथलेच. विसाव्या वर्षाच्या आसपास नाटक लिहू लागलेला हा तरुण १८९०च्या दशकात टिळकांच्या ‘केसरी’त आला. टिळक तेव्हा पुण्यात विंचूरकर वाड्यात राहत. नरसिंहपूरचं देऊळ ज्या घराण्यानं बांधलं त्याच घराण्याचा हा वाडा. १९०५ साली टिळक गायकवाड वाड्यात गेले आणि ‘केसरी’ही तिकडे गेला. त्याच वर्षी कर्झननं बंगालची फाळणी केली. सरकारवर काय लिहिलं की कोणतं कलम लागतं, याचं शिक्षण खाडिलकरांना संपादकीय टेबलावरच मिळालं होतं. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाबद्दल तुरुंगात जावं लागलेलं त्यांच्यासमोर होतं.

१९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीनं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. पदांचा भरणा असलेल्या संगीत नाटकांचा तो जमाना, आणि ही मंडळी गद्य नाटकं करणारी. म्हणजे प्रेक्षकाला रिझवायला गाणं नाही. सगळा भार शब्दांवर, युक्तिवादावर आणि नटाच्या आवाजावर. कथा विराटपर्वातली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी चाकरीला, द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करते आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिच्यावर डोळा ठेवतो. युधिष्ठिर धीर धरायला सांगतो, भीमाला धीर धरवत नाही. शेवटी भीम कीचकाला मारतो.

या कथेत इंग्रजांचं नाव कुठेही नाही. तरीही थिएटरात बसलेल्यांना कीचक कोण हे कळत होतं.

हे कळणं कसं घडलं, ते मुंबई सरकारच्या बाजूनं सर्वांत ठसठशीतपणे मांडलं लंडनच्या ‘टाइम्स’च्या व्हॅलेंटाइन चिरोलनं. १९१० सालच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्यानं या नाटकाचा तक्ताच मांडून दाखवला: कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. याच पुस्तकात चिरोलनं टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवलं. टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९मध्ये ते तो हरले. चिरोलच्या राजकारणाशी कोणाचं पटो न पटो, पण ‘कीचकवधा’चं त्याचं वाचन समीक्षा म्हणून कच्चं म्हणता येणार नाही. पात्रांची जुळणी, प्रेक्षकांचा प्रतिसाद आणि नाटक लिहिलं गेलं तो काळ, हे तिन्ही धागे त्यानं एकत्र आणले होते. आज ज्याला ऐतिहासिक-राजकीय समीक्षा म्हणतात तिला याहून वेगळी सामग्री लागत नाही.

बंदीला निमित्त मिळालं दुसऱ्याच एका नाटकाच्या प्रयोगात. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळीचं ‘शारदा’ होतं. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन प्रयोगाला आले आणि अनंत कान्हेरेनं त्यांना गोळ्या घातल्या. देवलांचं ‘शारदा’ जरठ-बाला विवाहावरचं, राजकारणाशी त्याचा संबंध नाही. पण त्यानंतर रंगभूमीकडे सरकारचं लक्ष बारकाईनं वळलं आणि १९१०च्या जानेवारीत ‘कीचकवधा’चे प्रयोग बंद झाले. हत्यार होतं १८७६चा नाट्यप्रयोग कायदा. तो मुळात बंगालमधल्या नाटकांना आवर घालायला केलेला.

हा कायदा वापरावा लागला यातच या नाटकाची खरी खुबी आहे. १९०८मध्ये टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, कारण लेखात सरकारचं नाव होतं आणि बोट ठेवायला ओळ होती. ‘कीचकवधा’त बोट कशावर ठेवणार? महाभारतातल्या भीमानं महाभारतातल्या कीचकाला मारलं, हा राजद्रोह कसा? पुराणकथा म्हणावी तर ती पुराणकथा आहे, राजकीय भाषण म्हणावं तर ते आहेही आणि नाहीही. हिरण्यकशिपूच्या वरासारखंच सरकारचं कवच होतं आणि खाडिलकर त्याच्या उंबरठ्यावर उभे राहिले. आदिबंधात्मक समीक्षा करणाऱ्याला इथे नृसिंह आठवला तर ती ओढाताण ठरणार नाही. दोन्हीकडे सत्तेनं स्वतःभोवती आखलेल्या नियमांच्या नेमक्या सांध्यातून शासन करणारा बाहेर पडतो.

या तुलनेला संहितेतच एक आधार आहे. व्यासांच्या महाभारतात कीचक मरतो तो नर्तनशाळेत, रात्रीच्या अंधारात. दिवसा मुलींचे नाचाचे धडे चालतात ती जागा रात्री रिकामी असते, एवढंच तिचं प्रयोजन. खाडिलकरांनी हा वध भैरवाच्या देवळात नेला. मोरोपंतांच्या आर्या ऐकून वाढलेल्या प्रेक्षकाला हा बदल जाणवल्याशिवाय राहणं कठीण. नर्तनशाळेत मेलेला कीचक हा एका बायकोच्या अपमानाचा सूड असतो. देवळात मेलेला कीचक हा अधर्माला मिळालेला दंड होतो, आणि मारणारा हात केवळ नवऱ्याचा राहत नाही. चिरोलच्या तक्त्यात कोण कोणाच्या जागी हे सगळं आहे, मात्र नाटककारानं कथेची जागा का हलवली हा प्रश्न नाही. आणि नाटकाचा निबंध लिहिणाऱ्यानं सर्वांत आधी पकडायची गोष्ट तीच: मूळ कथा आणि संहिता शेजारी ठेवायच्या आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे थांबायचं.

सरकारी चष्म्यातून आणखी एक गोष्ट निसटली. युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल असं धरलं, तर ते दोघं भाऊ आहेत हेही धरावं लागतं. एकाच घरातले, एकाच बाईच्या अपमानानं पेटलेले, फक्त केव्हा आणि कसं यावर भांडणारे. १९०७च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेसमध्ये याच भांडणात जोडे फेकले गेले आणि काँग्रेस फुटली. नाटक त्याआधीचं आहे. भीमाच्या बाजूनं झुकलेलं असलं तरी युधिष्ठिराला ते घराबाहेर काढत नाही. मग विराटराजाचं काय करायचं? नावाला राजा, पण सेनापतीपुढे ज्याचं काही चालत नाही असा हा माणूस. त्याच्यात कोणाला विलायतेतली दूरची सत्ता दिसेल, कोणाला आपल्याकडचे संस्थानिक. एकास-एक जुळणी इथे अपुरी पडते, आणि ती जिथे अपुरी पडते तिथपासूनच पात्र माणूस म्हणून जगायला लागतं.

द्रौपदीकडे पाहायला मात्र दुसरा चष्मा हवा, आणि तो चिरोलच्या कितीतरी आधी मराठीत घडला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापली गेली. त्या छोट्या पुस्तकात त्यांनी नुसता समाज झोडपला नाही. ‘मनोरमा’ नाटकासारख्या त्या काळच्या लिखाणात बायका कशा रंगवल्या आहेत याचाही समाचार घेतला. पुराणातल्या देवांना आणि ऋषींनाही सोडलं नाही. स्त्रीवादी समीक्षा हे नाव रूढ व्हायला अजून शतक जायचं होतं, पण प्रश्न तोच होता: पुरुषानं लिहिलेल्या गोष्टीत बाईनं कसं वागावं हे कोण ठरवतं, आणि दोष कोणाच्या पदरात पडतो?

हा प्रश्न ‘कीचकवधा’ला विचारला की नाटक वेगळं दिसू लागतं. द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान म्हटल्याबरोबर तिचा अपमान राष्ट्राचा होतो. तिचा स्वतःचा किती उरतो? मूळ महाभारतात कीचक तिला भर सभेत लाथ मारतो आणि नवरा समोर बसलेला असतो. रात्री ती एकटी पाकशाळेत जाऊन भीमाला उठवते. कीचकाला मारण्याचा बेत तिनं घडवून आणलेला आहे. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदी आणि भीम यांच्यातलं हे नातं फार आत जाऊन पाहिलं. राष्ट्राचं रूपक जितकं घट्ट बसवावं तितकी ही उठवणारी, चिडणारी, ठरवणारी बाई मागे सरते आणि मदतीची वाट पाहणारी माता पुढे येते. त्यातून १९०७च्या रंगमंचावर ती भूमिका पुरुष नटानंच केलेली. प्रयोगाच्या अंगानं समीक्षा करणाऱ्याला ही बाब तळटीपेत ढकलता येणार नाही.

एक नाटक असंही आहे की ज्याचं वाचन करायलाच कोणी तयार नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, आणि अखेर ते जोडपं शिकायला कसं निघतं, ही त्याची गोष्ट. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलं. कमिटीनं नाकारलं, आणि का नाकारलं याबद्दलची आपली कैफियत फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवली. नाटक छापलं गेलं थेट १९७९मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’च्या अंकात. मधली सव्वाशे वर्षं मराठी नाटकाचा इतिहास या नाटकाला वगळून लिहिला जात होता. ते उजेडात आल्यावर पहिलं आधुनिक मराठी नाटक कोणतं, हा वाद नव्यानं उभा राहिला. जातीच्या अंगानं वाचायचं म्हणजे संहितेतली पात्रं कोणत्या जातीची ते मोजणं एवढंच नसतं. कोणती संहिता छापखान्यापर्यंत पोहोचली आणि कोणती पोहोचू दिली नाही, हेही त्यात येतं.

या सगळ्या नजरांना पद्धतशीर रूप विसाव्या शतकात मिळत गेलं, चाहूल मात्र आधीच लागली होती. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं ते १८८२-८३च्या सुमाराचं. त्यात माणसाच्या मनातल्या विकारांना केंद्रस्थान देणारं नावच त्यांनी शीर्षकात बसवलं. लालजी पेंडसे यांचं ‘साहित्य आणि समाजजीवन’ १९३५चं. मार्क्सवादी समीक्षेची मराठीतली ती पहिली ठळक मांडणी. मर्ढेकरांनी उलट दिशेनं जाऊन कलाकृतीच्या आतल्या लयीचा विचार मांडला. शरद पाटलांचं ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९८८मध्ये आलं आणि शरणकुमार लिंबाळे यांचं ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६मध्ये. चष्मे वाढत गेले. प्रत्येक चष्म्याचा पहिला गिऱ्हाईक कोणी ना कोणी चिडलेला वाचक होता, हे या नावांकडे एकत्र पाहिलं की लक्षात येतं.

चिडलेल्या वाचकांची मोठी गर्दी मराठी रंगभूमीनं पुन्हा पाहिली ती १९७२नंतर. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. कलावंत बाहेर पडले, थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि १९७४मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं. आक्षेप दुहेरी होता: नानांचं चित्रण विकृत आहे आणि पुण्यातल्या ब्राह्मणांची बदनामी झाली आहे. १७९१मध्ये ज्या घाशीरामाला पुणेकरांनी दगडांनी मारलं तो खराच होता, तेव्हा नाटक इतिहासाच्या तराजूत तोललं गेलं. तेंडुलकरांनी मात्र हे ऐतिहासिक नाटक नाही असं छापील संहितेतच सांगून टाकलं होतं. १९८० साली युरोपच्या दौऱ्याआधी वाद थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला.

‘कीचकवध’ आणि ‘घाशीराम’ यांच्यात पासष्ट वर्षं आहेत आणि उलटापालट पुरी झाली आहे. पहिल्यात पुराणाच्या आडून वर्तमान बोललं आणि सरकार म्हणालं, हे पुराण नाही. दुसऱ्यात इतिहासाच्या आडून वर्तमान बोललं आणि प्रेक्षकांतले काही म्हणाले, हा इतिहासच आहे, आणि खोटा आहे. एकदा रूपक पाहिल्याबद्दल बंदी आली, एकदा रूपक न पाहिल्यामुळे वाद झाला. दोन्ही वेळा विरोधकांनी नाटक लक्ष देऊन पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी प्रयोगातला एक मोठा भाग बाजूला ठेवला होता. ‘घाशीराम’मध्ये तो भाग म्हणजे उघडझाप करणारी माणसांची भिंत आणि लोकरंगभूमीच्या खेळांतून उचललेलं गाणं-नाचणं. क्रौर्य आणि भक्ती एकाच रांगेतून बाहेर येतात, आणि रांग पुन्हा पाठ फिरवून उभी राहते. नानांच्या चारित्र्यावर वाद घालणाऱ्याला या भिंतीबद्दल काही बोलायची गरज वाटली नाही.

‘कीचकवधा’वर आज निबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यासाठीही बरंच काम शिल्लक आहे. विराटाच्या राजवाड्यात युधिष्ठिर कंक होऊन फासे टाकतो, भीम बल्लव होऊन स्वयंपाक करतो, नकुल घोडे सांभाळतो, सहदेव गाई राखतो, अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवतो आणि द्रौपदी दासीकाम करते. म्हणजे धन्याच्या घरातल्या चाकरांचं हे बंड आहे. पण हे चाकर खरे चाकर नाहीत. वर्ष संपलं की ते राजे होणार आहेत, आणि सैरंध्री पुन्हा सम्राज्ञी. त्याच वाड्यात त्यांच्यासोबत राबणाऱ्या, वर्ष संपल्यावरही दासीच राहणाऱ्या बायकांवर कीचकाचा डोळा पडला असता तर? जहाल-मवाळांच्या भांडणात या बायकांना कोणत्या बाजूला उभं करायचं, हे चिरोलच्या तक्त्यात नव्हतं आणि १९०७च्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांच्या मनात असेल. फुल्यांच्या कुणबिणीला ‘तृतीय रत्न’मध्ये निदान स्वतःच्या तोंडानं बोलता येतं. या दोन संहिता शेजारी ठेवून केलेलं वाचन ‘कीचकवधा’ला लहान करणार नाही. स्वातंत्र्य कोणाचं आणि कोणासाठी, हा १९०७मध्ये दबलेला प्रश्न मात्र त्यातून उघडा पडेल.